उलटं करून पाहणारे आतोबा

जगातल्या कुठल्याही वस्तूला पुढची बाजू असते, हे आमच्या आतोबांना शेवटपर्यंत मान्य नव्हतं. असलीच तर ती लोकांना फसवण्यापुरती असते, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कुंभकोणमला आमच्यापासून तिसऱ्या दारात राहायचे आणि रोज सकाळी साडेसातच्या बसनं तिरुभुवनमच्या एका रेशीम सोसायटीत कामाला जायचे. विणकरानं मागावरून उतरवून आणलेली साडी पास करायची की परत पाठवायची, हे ठरवणं त्यांचं काम. साडीवर मोर नाचत असोत की हत्ती झुलत असोत, तिकडे ते ढुंकूनही पाहत नसत. साडी हातात आली की आधी उलटी. मग खिशातून धागे मोजायचं भिंग निघे, डावा डोळा मिटे, आणि काठ साडीच्या अंगाला जिथं जोडतात तिथं मागून किती धागे सुटे राहिलेत याचा शोध सुरू होई. "पुढली बाजू दुकानदाराची, मागली विणणाऱ्याची," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दारासुरमचे विणकर म्हणे घरून निघताना देवाला नारळ फोडायचे आणि सोसायटीच्या दारात आल्यावर आतोबा रजेवर असावेत म्हणून आणखी एक कबूल करायचे. पण आतोबांनी आयुष्यात रजा घेतली ती दोनदाच, आणि त्या दोन्ही रजांची ही हकिगत आहे.

ही सवय सोसायटीच्या फाटकात सोडून घरी येण्याइतके आतोबा शहाणे नव्हते. लग्नपत्रिका आली की आधी उलटी करून छापखान्याचं नाव वाचायचे. लग्नाला गेले की मांडवात न शिरता मागच्या आळीतून स्वयंपाकाकडे जायचे, आणि आचाऱ्याशी गप्पा मारून, मुलाकडची माणसं कशी आहेत हे समजून घेऊन मगच अक्षता टाकायला यायचे. इडली पानात पडली की तिची पाठ बघायचे. देवळात गाभाऱ्यासमोर लोकांची रेटारेटी चाललेली असताना हे गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीशी एकटे हात जोडून उभे. आत्या सांगायची, की तिला बघायला आले तेव्हा त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलंच नाही. फलाहार झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं परसात गेले, विहिरीपाशी पालथी घातलेली भांडी एकेक करून पाहिली, आणि परत येऊन आपल्या वडिलांना एवढंच म्हणाले, "पास." आत्या हे चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत होती. "मज कोठें पाहिलें यांनी? माझ्या तव्याशीं लग्न लागलें यांचें!" असं आमच्या तंजावरी मराठीत म्हणून ती हसायची, पण तवे मात्र मरेस्तोवर आरशासारखे लख्ख ठेवायची.

रोज सकाळी कॉफी आली की पेला उचलून बाजूला ठेवायचा, पेल्याखालचा दवरा, म्हणजे कॉफी निववायची ती पसरट पितळी वाटी, उलटा करायचा, त्याच्या बुडाकडे एक नजर टाकायची, आणि मग कॉफी ओतायची. तीस वर्षं तोच दवरा. त्याच्या बुडाशी ते काय शोधायचे हे देवच जाणे. पण ही खोड नसती तर आज मी कुठल्या तरी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाचे दवरे घासत बसले असते.

आणखी एक सांगायला हवं. आतोबा मोडी लिहायचे. त्यांचे आजोबा तंजावरला जुन्या दप्तरातली कागदपत्रं उतरवून द्यायचे काम करत. त्यांनी नातवाला वाळूत बोट फिरवून ती लिपी शिकवली होती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात मोडी येणारे आतोबा शेवटचे. सोसायटीच्या वहीत ते साडीची प्रत मोडीतच लिहायचे. विणकर खांद्यावरून डोकावून भांडायला लागत, म्हणून केलेला हा बंदोबस्त. ते हात न उचलता भरभर लिहीत. अक्षर असं, की मुंग्यांची रांग गुळाकडे निघाल्यासारखं वाटे.

आता पहिली रजा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या थोरल्या आत्तेबहिणीला, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. आम्ही तिला अक्का म्हणतो. दोन्ही नावाजलेली खाजगी विद्यापीठं, चाळण लावून मुलं घेणारी. आतोबा रजा काढून दोन्ही बघायला गेले. एकाच्या मागे नाला निघाला. दुसऱ्याच्या मागे नाला नव्हता, म्हणून सांडपाणी जातं कुठं याचा शोध घ्यायला ते पुन्हा गेले. मग पहिलं आणखी एकदा पाहावंसं वाटलं. असं करता करता एके दिवशी अक्कानं दोन्ही पत्रं पुढ्यात ठेवली आणि शांतपणे सांगितलं, की शेवटची तारीख कालच गेली. आतोबांनी दोन्ही पत्रं उलटी करून परत ठेवली. पुढच्या तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, अक्काचं लग्न झालं आणि ती मदुरैला गेली. तिचं तिथं बरं चाललं होतं, कुणी कुणाला बोल लावला नाही. पण ती दोन पत्रं तिनं ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवली होती, आणि माहेरपणाला आली की आतोबा तिच्यासमोर फार वेळ बसत नसत.

मी त्र्याण्णव साली बारावी झाले. गणित बरं होतं, आणि मला संगणक शिकायचा होता. दोन खाजगी विद्यापीठांच्या परीक्षा दिल्या आणि दोन्हीकडे नाव लागलं. एक कोइमतूरच्या वाटेवरचं, आणि दुसरं थेट महाराष्ट्रात, पुण्याच्या अलीकडे एका टेकडीवर. बाबांना जवळचं हवं होतं. खरं तर त्यांना त्याहूनही जवळचं, म्हणजे गावातलं कॉलेज हवं होतं, कारण मद्रासच्या एका स्थळाकडून विचारणा आली होती. मला कुठं जायचं होतं ते कुणी विचारलंच नाही. शेवटी बाबा म्हणाले, "आतोबांनी पाहावें. ते पास म्हणाले तर धाडीन, नापास म्हणाले तर गावांतलें कॉलेज काय वाईट?" म्हणजे माझं भवितव्य अशा माणसाच्या हातात गेलं, ज्यानं स्वतःच्या मुलीचं भवितव्य सांडपाण्याच्या शोधात घालवलं होतं. मी त्या दिवशी जेवले नाही.

अक्का त्या सुमारास माहेरी आली होती. ती मला विहिरीपाशी घेऊन गेली आणि आपल्या वडिलांबद्दल म्हणाली, "अप्पांस तपासूं दे गे. ते तपासल्यावांचून राहणार नाहींत. पण तारीख तूं धर." मला ते पुरलं. आतोबांना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून उपयोग नव्हता, ती पुढची बाजू. मी आत्याकडून दवरा मागून घेतला आणि त्याच्या बुडाशी लाल रंगानं ठळक तारीख लिहिली. पत्र पोचायची शेवटची तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी नेहमीप्रमाणे पेला उचलला, दवरा उलटा केला, आणि तसाच हातात धरून बराच वेळ बसून राहिले. कॉफी निवून गेली. मी दाराआड उभी होते. शेवटी ते म्हणाले, "शरि," म्हणजे बरं, आणि गार कॉफी एका घोटात पिऊन सोसायटीत आयुष्यातल्या दुसऱ्या रजेचा अर्ज द्यायला निघाले.

कोइमतूरच्या वाटेवरच्या विद्यापीठाचा अहवाल चार दिवसांनी आला. पुढे कारंजं होतं, संगमरवरी पायऱ्या होत्या, संस्थापकांचा पुतळा होता. हे सगळं आतोबांनी ऐकीव सांगितलं, कारण ते स्वतः मागच्या फाटकातून शिरले होते. ग्रंथालयात जाऊन त्यांनी पुस्तकं काढली आणि प्रत्येकाचं शेवटचं पान उघडलं, जिथं पुस्तक कधी नेलं त्याचे शिक्के असतात. "तीस पुस्तकें पाहिलीं. शिक्का दोहोंवर. तो सुद्धां एकाच माणसाचा असावा." प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. नापास. बाबांचा चेहरा खुलला. मी आत्याच्या घरी जाऊन दवऱ्याचं बूड पाहिलं, तारखेला सतरा दिवस होते.

पुण्याकडे आतोबा गेले ते आठ दिवस आलेच नाहीत. बाबा रोज म्हणायचे, "नाला निघाला असावा." नवव्या दिवशी आतोबा आले, अंघोळ करून ओसरीवर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. विद्यापीठाचं फाटक गंजलेलं, नावाच्या पाटीतलं एक अक्षर पडलेलं. बाबा पुढे सरसावले. पण मागे, मुलींच्या वसतिगृहाच्या परसात, दोरीवर प्रयोगशाळेचे पांढरे कोट वाळत होते आणि एकूणएक कोटांना तेजाबानं भोकं पडली होती. "हात चालतात मुलींचे," आतोबा म्हणाले. मग ते भोजनगृहाच्या मागच्या दारानं आत गेले. आचाऱ्यानं त्यांची मराठी ऐकून ऐतिहासिक नाटकातले नट समजून त्यांना पाटावर बसवलं. तिथं खिळ्याला एक तक्रारवही टांगली होती. ती आतोबांनी मागच्या पानापासून पुढे अशी सगळी वाचली. कुणी लिहिलं होतं, "काल वरणात पाणी नव्हतं, पाण्यात वरण होतं." खाली संपूर्ण नाव आणि सही. त्याखाली देखरेखीच्या बाईंचं उत्तर, "मान्य. उद्या सुधारेल." त्याखाली त्याच मुलीचं, "सुधारलं नाही." आणि पुन्हा बाईंचं, "मी आज स्वतः जेवले. तुझं खरं आहे." आतोबांनी ते वरण सहा दिवस जेवून पाहिलं. "वरण वाईटच," ते बाबांना म्हणाले, "पण जेथें पोर नांव घालून तक्रार लिहिते, आणि वरचें माणूस खालीं उत्तर लिहितें, तें कापड मागूनही सरळ. पास."

मी रडले. बाबांनी किती तरी मुद्दे काढले. इतकं दूर, मुलगी एकटी, तिथली माणसं आपल्या बोलण्याला हसतात. आतोबा प्रत्येक मुद्द्याला एकच उत्तर देत राहिले, "हसूं देत. पास म्हटलें आहे." सोसायटीतही त्यांनी एकदा पास केलेली साडी कधी परत घेतली नव्हती. बाबा रागानं उठून मागच्या अंगणात गेले. आतोबा त्यांच्या मागोमाग तिथंही गेले, आणि दोघं परत आले तेव्हा मद्रासच्या स्थळाला नकार कळवायचं ठरलं होतं.

जागा घेत असल्याचं पालकानं लेखी कळवायचं होतं. बाबा इंग्रजीत टाइप करून देतो म्हणाले. आतोबांना ते अपमानास्पद वाटलं. आपल्या मुलखात, आपल्या माणसांना, परक्या भाषेत लिहायचं? पत्र तेच लिहिणार, आणि रीतीनं लिहिणार. त्यांनी बोरूला टोक केलं, शाई घोटली, आणि नमस्कार-विनंतीपासून सुरुवात करून पानभर पत्र मोडीत लिहिलं. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले तेव्हा महाराष्ट्र जसा होता, तसाच तो आमच्या घरात मांडून ठेवलेला होता. तिकडची माणसं मध्यंतरी लिपीच बदलून बसली असतील, हे आम्हाला कसं सुचणार? तिकडे सहा दिवस राहून आतोबांनाही ते कळलं नव्हतं, कारण कचेरीत ते गेलेच नव्हते. कचेरी म्हणजे पुढची बाजू. पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं आणि तारखेच्या एक दिवस आधी पोच आली. आत्यानं गोड केलं.

हजर व्हायच्या दिवशी, आतोबांच्या त्याच रजेत, आम्ही दोघं टेकडीवर पोचलो. दुपारी दोनचा सुमार. खिडकीतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाल्या, "तुमच्याकडून काही कळवलेलंच नाही. मुदतीत लेखी कळवल्याचं दिसलं नाही, तर आज चार वाजता जागा प्रतीक्षा यादीवर जाईल." आतोबांनी पोचपावती पुढे केली. बाईंनी आवक वही काढली, पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या तारखेपुढे लिहिलं होतं: एक जुना मोडी कागद, इतिहास विभागाकडे रवाना.

आतोबांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला अजून दिसतं. दवरा हातात धरून बसले होते त्या सकाळसारखा. पण ते क्षणभरच. "चल गे," ते म्हणाले, आणि साठीचा तो माणूस टेकडीच्या पायऱ्या दोन-दोन करून चढायला लागला.

इतिहास विभागात एक वृद्ध प्राध्यापक आमच्या पत्रावर भिंग धरून बसले होते. दहा दिवस बसले होते म्हणे. तिसऱ्या ओळीपर्यंत आले होते. "विलक्षण कागद आहे," ते आम्हाला म्हणाले, "भाषा अठराव्या शतकातली आणि शाई गेल्या महिन्यातली. आणि इथं हा शब्द बघा, हा 'संगणक' तर नसेल?" आतोबांनी आपलं भिंग काढलं, कागद आपल्याकडे वळवला आणि घडाघडा वाचायला सुरुवात केली. सर खुर्चीतून उठले. जिवंत माणसाच्या तोंडून ती भाषा ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चहा मागवला, आतोबांच्या आजोबांची चौकशी सुरू केली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी आयुष्यात कधी वडीलधाऱ्यांच्या मध्ये बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "सर, चहा नंतर. आधी याची देवनागरी प्रत करा आणि खाली सही करा. चारला माझी जागा जाईल." सर दचकले, आणि मुकाट्यानं लिहायला बसले.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद उलटला. "अरे, मागंही काही आहे."

आतोबांनी कागदावर चटकन हात ठेवला. "तें कांहीं नाहीं. मागलें पाहूं नये."

देवाची पाठ सुद्धा न सोडणारा हा माणूस असं म्हणाला, हे मी ऐकलं. पण मला तीन चाळीस दिसत होते, मी प्रत उचलून पळत सुटले. बाईंनी ती पाहिली, सरांची सही पाहिली, मग घामाघूम झालेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि यादीत माझ्या नावापुढे खूण केली. परतल्यावर पाहते तर आतोबा आणि सर चहा पीत बसलेले. सरांनी ते पत्र ठेवून घेऊ का म्हणून विचारलं होतं. "ठेवा," आतोबा म्हणाले होते, "पण टांगाल तर पुढली बाजू बाहेर." निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, वरणाबद्दल दोन शब्द सांगितले आणि वसतिगृहाच्या मागच्या फाटकानं गेले.

तिथल्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या, बाबांचं खरं होतं. पहिल्या महिन्यात मी तक्रारवहीत नाव घालून तसं लिहिलं. खाली उत्तर आलं. हळूहळू मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले, हे लिहितेय ते त्याच मराठीत. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात आतोबा गेले. तार पोचून मी घरी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या टेबलावर ते भिंग तसंच होतं, आणि मला ते हातात घेववेना.

चौथं वर्ष संपलं तेव्हा मी सरांचा निरोप घ्यायला गेले. पत्र काचेच्या चौकटीत त्यांच्या खुर्चीमागे लावलेलं होतं, पुढली बाजू बाहेर. मी म्हणाले, "सर, आता उलटं करून पाहायचंय." त्यांनी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, आणि भिंग लावून सावकाश वाचलं. आता त्यांना मोडी चांगली लागत होती.

"मागल्या खेपेस घरचीच मुलगी होती. मी मागली बाजू तपाशीत बसलों, तारीख गेली. खोट मालांत नव्हती, तपासणाऱ्यांत होती. हें तिजला सांगवलें नाहीं. ही दुसरी. उलटी करून पाहिली, सुटा धागा नाहीं. पास. यापुढें आपण इजला पुढून पाहावें."

सरांनी चष्मा काढला. मी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आणि त्याच दिवशी अक्काला मदुरैला पाठवले. दहा दिवसांनी तिचं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "वाचलें. खोट त्यांस ठाऊक होती, हें मज ठाऊक होतें. आईस सांग, दवरा मज पाहिजे."

आत्यानं दवरा पुसून, फडक्यात बांधून दिला. आता मी मदुरैला गेले की अक्का मला त्याच दवऱ्यात कॉफी देते. तिची मुलगी सातवीत आहे, गणितात माझ्याहून हुशार. ती समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत असते, कारण मी काय करणार हे तिला माहीत असतं. मी पेला उचलून बाजूला ठेवते आणि दवरा उलटा करते. घासून घासून सगळा दवरा झिजत चाललाय, पण बुडाशी अक्का चिंच लावत नाही. तारीख अजून आहे.